आधी पुढचा किरण

आमच्या कांदिवलीच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या दारात राहणारी ही बाई ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात लेसरने अणूंवर काम करते. तिचं बोलणंही तिच्या लेसरसारखंच. हळू सुरू होतं, मध्ये चढतं आणि अलगद उतरतं. लिफ्टचं बटणसुद्धा ती गोंजारल्यासारखं दाबते. दार आपटणं तर तिला माहीतच नाही. "अणूला धक्का दिला ना, की वाट लागली," म्हणते.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई पलंगावरून उठायची, सोफ्यावर टेकायची आणि तिथेच अडकायची. बाल्कनीपर्यंत चालायचं राहूनच जायचं. मी मागून "चल गं, चल" करून थकलो.

एका सकाळी ही शेजारीण आमच्याकडे आली आणि ते बघून वैतागली. "उलटं करतोयस यार. अणूही ऊर्जेच्या मधल्या पायरीवर थांबला की घसरतो. म्हणून मधली नि वरची पायरी जोडणारा लेसरचा किरण आधी सोडायचा, खालून उचलणारा मागाहून. मग तो मध्ये थांबतच नाही."

तिने बाल्कनीत खुर्ची मांडली, चहा ठेवला आणि समोरच्या विंगमधल्या आईच्या मैत्रिणीला खिडकीतून हाका मारायला लावलं. हाका सुरू झाल्यावरच आत येऊन आईच्या पाठीवर हळूच हात ठेवला. "काकू, चहा गार होतोय."

आई निघाली. सोफ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीत बसून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अणूला पण असाच बिनसाखरेचा पाजतेस का गं?"

शेजारीण एकदम खदखदून हसली, आणि त्या नादात जाताना आमचं दार चक्क आपटून गेली.