पुष्पांजलीचा रोही

माझी भाची पुष्पांजली कोणाची माफी मागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चूक दाखवा, ती मुकाट्याने दुरुस्त करील. पण हात जोडून उभी राहा म्हणाल, तर तुम्हालाच ताटकळत उभं ठेवील. हा गुण तिने मामाकडून उचलला असं तिची आई, म्हणजे माझी बहीण अन्नपूर्णा म्हणते. मला त्यात काही वाईट वाटत नाही. संग्रामपूरच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकाने उगीच आवाज चढवला तर मीही त्याचा उघडलेला फोन तसाच उघडा परत देतो.

पुष्पांजलीचं गाव आमच्या तालुक्यातच, सातपुड्याच्या पायथ्याला. डोंगर जवळ म्हणून रोही जवळ. रोही म्हणजे नीलगाय. नाव गाईचं, अंग घोड्याचं आणि शेतात शिरला की भूक अख्ख्या वरातीची. हरभरा घाट्यावर आला, दाणे भरू लागले, की या गावातले लोक शेतात उंच लाकडी माळा बांधून रात्री जागल करतात. जागल म्हणजे नुसतं जागणं नव्हे. माळ्यावरून हाकारा द्यायचा, आणि एकाने दिला की शेजारच्या शेतातून त्याला जवाब गेलाच पाहिजे. जवाब आला म्हणजे शेजारी जागा आहे आणि धडधाकट आहे. नाही आला तर लोक बॅटऱ्या घेऊन पळत सुटतात, कारण साप चावला असेल नाहीतर रानडुकराने पाडलं असेल.

माझे भाऊजी उकंडराव यांचा हाकारा गावात नावाजलेला. खालून घुमत निघायचा आणि शेवटी असा चढायचा की रोहीच काय, वाटेवरचा माणूससुद्धा थबकायचा. त्यांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून किसनरावचं शेत. धुऱ्यावरच्या एका बाभळीवरून दोघांचं वाजलं. बाभूळ कधीच तुटून चुलीत गेली, पण बोलणं बंद झालं ते झालंच. दिवसा एकमेकांना पाहून रस्ता बदलायचे. रात्री मात्र भाऊजींच्या हाकाऱ्याला किसनरावचा जवाब आला नाही, असं कधी झालं नाही.

पुढे भाऊजींच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. ते वाचले, आवाज गेला. आता ते बोलतात तेव्हा कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागतो. दोन्ही शेतांना विजेच्या झटक्याची तार लागली, जागल बंद झाली आणि माळा नुसता उभा राहिला. किसनरावने तेव्हाही विचारपूस केली नाही, याचा मला फार राग होता. अजूनही थोडा आहे.

पुष्पांजली खामगावला कॉम्प्युटर शिकली आणि घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी लहान मुलांच्या खेळांची चित्रं काढू लागली. त्यातून वेळ काढून तिने स्वतःचा एक खेळ बनवला, ‘रोही आला’ नावाचा, मोबाईलवर खेळायचा. यात खेळणारा शेतकरी नसतो, तोच रोही असतो. डोंगरातून उतरायचं, धुरा ओलांडायचा, हरभरा खायचा. माळ्यावर शेतकरी बसलेला असतो. त्याचा हाकारा आला की जागच्या जागी थिजायचं. जरा हललात की बॅटरीचा झोत अंगावर येतो आणि खेळ संपतो. तो हाकारा भाऊजींचा आहे. कॉलेजात असताना ती बापासोबत माळ्यावर गेली होती आणि फोन त्यांच्या तोंडाजवळ धरून तिने तो भरून घेतला होता. तो फोन पुढे बंद पडला. त्यातून तो आवाज जिवंत बाहेर काढला तो मी, हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

गावातल्या शिवमने त्या खेळाचं रील केलं तिथून भडका उडाला. हा शिवम शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर रील करतो, म्हणजे बांधावर उभा राहून स्वतःचं तोंड दाखवतो. त्याने खेळातला रोह्यांचा कळप हरभरा तुडवतो तेवढाच तुकडा घेतला, मूळ आवाज काढून टाकला, मागे रडकं गाणं लावलं आणि लिहिलं, ‘शेतकऱ्याच्या नुकसानीचा खेळ मांडणाऱ्या या मुलीला माफ करायचं का?’ बस. ज्यांनी हरभरा फक्त डब्यातल्या डाळीच्या रूपात पाहिलाय अशा शहरी लोकांचं रक्त उसळलं. बंदी घाला, अटक करा, हिच्या घरात रोही सोडा. एका वाहिनीवर टाय लावलेल्या चौघांनी बळीराजाच्या अपमानावर तावातावाने चर्चा केली. त्यांच्यातल्या एकाने नीलगाईला दूध किती असतं हेही विचारलं. खेळ पूर्ण खेळून पाहिलेला माणूस मात्र त्यात एकही नव्हता.

शहरातल्यांचं सोडा, पण गावही पेटलं. त्याच महिन्यात रोह्यांनी किसनरावचा हरभरा तार तोडून आडवा केला होता. त्याचा राग खोटा नव्हता. खेळ काढून टाकावा आणि मुलीने सर्वांसमोर माफी मागावी, असा ठराव त्याने ग्रामसभेत मांडायला लावला.

सभेच्या सकाळी मी दुकान बंद ठेवून तिच्याकडे गेलो. अन्नपूर्णा डोळे पुसत होती. भाऊजी पडवीत बसले होते.

“पुष्पी, शेतकऱ्याचा काऊन नाही केला खेळ? रोहीचाच कायले?” मी विचारलं.

“शेतकरी केला असता मामा, तं खेळणारा जिंकला असता. रोही झाल्यावर त्याले माह्या बापाचं भेव वाटते. मले तेच पायजे होतं.”

“मंग सांगून दे ना सभेत, का हा आवाज बाबाचा हाये म्हणून. कोणी तोंड उघडणार नाही.”

“बाबाच्या आजारपणाच्या आड नाही लपत मी. खेळ पाहू द्या अन् मंग ठरवू द्या. काढा म्हणाले तं काढीन, पण माफी नाही.”

खेळ गेला तर बापाचा हाकाराही पुन्हा तिच्या फोनपुरता उरणार, हे ती बोलली नाही, पण मला कळलं.

सभा पंचायतीसमोर कडुलिंबाखाली भरली. बाया-माणसं एवढी जमली होती की पाणीटंचाईच्या सभेलाही कधी जमली नाहीत. किसनराव पुढच्या खुर्चीत, भाऊजी पार मागे भिंतीला टेकून. सरपंचबाईंनी पुष्पांजलीला विचारलं, “तुले काही बोलायचं हाये का, बाई?”

“बोलायचं नाही. आवाजासकट पाहा फक्त,” ती म्हणाली. तिने फोन भोंग्याला जोडला आणि शिवमच्याच हातात दिला. “खेळ तू. तुले लय माहिती हाये ना याच्यातलं.”

शिवमला नाही म्हणता येईना. लोक त्याच्याभोवती वाकले. त्याचा रोही डोंगरातून उतरला, धुऱ्याजवळ आला, त्याने एक पाय आत टाकला. आणि भोंग्यातून भाऊजींचा हाकारा निघाला, खालून घुमत, वर चढत.

“हेऽऽ हाऽऽ हुर्रऽऽ…”

लिंबाखाली कोणी हललं नाही. त्याच क्षणी पुढच्या खुर्चीतल्या किसनरावची मान वर झाली, हात तोंडाशी गेला आणि पोटातून जवाब निघाला, “होऽऽ जागा हाओऽऽ!”

मग त्याच्या लक्षात आलं की भर दुपार आहे आणि आपण खुर्चीत बसलोय. कोणी हसलं नाही. तो हळूच वळला आणि मागे भिंतीला टेकलेल्या भाऊजींकडे बघत राहिला. भाऊजींनीही या खेपेला तोंड फिरवलं नाही. माझ्या बहिणीने पदर तोंडाला लावला. मी माझ्यापुरतं सांगतो, मला समोरचं काही दिसेना.

“हा उकंडरावचा हाकारा हाये,” किसनराव म्हणाला. “लय दिसांनी आयकला.” मग एकदम त्याचा पारा चढला. “काय वं पोरी, याच्यात जवाब काऊन नाही?”

“काका, मी फोन बाबाच्या तोंडाजोळ धरला होता. तुमचा आवाज लांबून आला. फोननं तो धरलाच नाही.”

“म्हंजे दुनिया म्हणीन, उकंडराव एकलाच जागत होता. अन् म्या काय झोपलो होतो का?”

“नाही, काका.”

“मंग हे चूक हाये. एवढ्या वर्साची जागल अन् माहा जवाबच नाही. हे दुरुस्त करा लागते.”

“हाव. ही चूक हाये. करते दुरुस्त,” पुष्पांजली म्हणाली.

शिवम मधेच म्हणाला, “पण काका, याच्यात रोही आपला हरभरा खाते ना…”

“खाईन कसा बे? आमी दोघं जागे हाओ ना!”

यावर मात्र लोक हसले. सरपंचबाईंनी ठरावाचा कागद घडी करून वहीत ठेवला आणि चहा सांगितला. वाहिनीवरचे चौघे आणखी काही दिवस खवळलेले होते. मग त्यांना दुसरं कोणीतरी सापडलं.

सुधारलेला खेळ आता लोकांच्या फोनवर आहे. माझ्या दुकानात पोरं तक्रार करतात की एक हाकारा चुकवला की दुसरीकडून जवाब येतो आणि रोही मधेच अडकतो, खेळ फार अवघड झाला. अवघडच आहे, मी त्यांना सांगतो, आणि बनवणारी माझी भाची आहे हेही सांगतो, विचारलं नसलं तरी. पण तो जवाब कसा मिळाला, हे त्यांना माहीत नाही.

सभेनंतरच्या आठवड्यात, सकाळच्या उन्हात, आम्ही शेतात गेलो. किसनराव स्वतःच्या माळ्यावर चढला, खाली पुष्पांजली फोन घेऊन उभी. त्याने खाकरून घसा साफ केला, तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. आवाज काही निघेना.

“नाही जमत, पोरी. पहिले हाकारा आला पायजे. त्याच्याबिगर जवाब निंगत नाही.”

“फोनवर लावू का बाबाचा?” तिने विचारलं.

तेवढ्यात माझं लक्ष धुऱ्यापलीकडे गेलं. भाऊजी त्यांच्या जुन्या माळ्यावर चढत होते, लाकडाची एकेक बल्ली चाचपत. वर पोचून ते ताठ उभे राहिले, छाती भरून घेतली आणि दोन्ही हात तोंडाशी नेले. काहीही ऐकू आलं नाही. एवढ्या अंतरावरून येणंही शक्य नव्हतं.

किसनरावने ते हात पाहिले, आणि जो जवाब दिला, तो डोंगराला लागून परत आला.

पुष्पांजलीने डोळे पुसले नाहीत, कारण हातातला फोन हलला असता. पलीकडच्या माळ्यावर भाऊजींनी पुन्हा हात तोंडाशी नेले.