दोन्ही बाजू पाठ

आमच्या खोलीतल्या त्या प्राण्याला आम्ही रेडिओ म्हणायचो. तो सकाळी दात घासताना सुरू व्हायचा आणि कुणी उशी फेकून मारल्याशिवाय बंद पडायचा नाही. या परक्या देशातल्या विद्यापीठात त्याला इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती, पण आधी आमच्या भाषाशाळेत शिकून इथल्या भाषेची परीक्षा पास व्हायची, मगच प्रवेश पक्का. तोंडी परीक्षेत गडी एकदा आपटला होता. आता शेवटची संधी. ती हुकली की जागा दुसऱ्याला आणि हा परतीच्या विमानात.

नापास झालं की आपला माणूस जास्त जोरात पाठ करतो. रेडिओनंही तेच केलं. ही परीक्षा जोडीनं असते, दोघांनी आपसात बोलायचं. पुस्तकात नमुन्याचे संवाद होते: भाड्याची खोली, डॉक्टरची वेळ, हरवलेली बॅग. यानं आपली वाक्यं पाठ केली आणि कमी पडायला नको म्हणून समोरच्याचीही. बाथरूममध्ये आधी घरमालक व्हायचा, मग आवाज बारीक करून भाडेकरू. बाहेर आम्ही टॉवेल घेऊन ताटकळत उभे.

"अरे, बाहेर जाऊन कुणाशी तरी बोल की!" मी ओरडायचो.

"आणि चुकलो तर?" एवढं विचारून तो पुन्हा घरमालक व्हायचा. दुकानात मात्र साहेब मुके. ब्रेड हवा असला की नुसतं बोट दाखवायचे.

घरच्या फोनचाही त्यानं संवादच करून टाकला होता. आईनं म्हणायचं, "जेवलास का?" यानं म्हणायचं, "जेवलो." "अभ्यास?" "मस्त चाललाय." "काही त्रास नाही ना?" "छे गं." मग फोन ठेवून कोरडा ब्रेड चावत भिंतीकडे बघत बसायचा. मला त्याचा संताप यायचा, आणि खरं सांगतो, वाईटही वाटायचं.

परीक्षेला त्याच्या जोडीला कुठल्याशा तिसऱ्याच देशातली एक नर्स आली. पुढचा नंबर माझा, म्हणून मी बाहेरच्या बाकावर होतो. दार नीट लागत नव्हतं, आणि ते लावायची मला काही घाई नव्हती. विषय निघाला भाड्याची खोली. रेडिओ खुलला, झोकात नमस्कार केला. नर्सबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. शब्दच फुटेना.

मग आमच्या पठ्ठ्यानं काय करावं? तिचं वाक्य यानंच म्हटलं, बारीक आवाजात. त्यावर आपलं उत्तर दिलं. पुन्हा तिचं, पुन्हा आपलं. भाडं ठरलं, किल्ली दिली, शेजाऱ्यांची चौकशीसुद्धा झाली. मी कपाळावर हात मारून घेतला.

परीक्षकबाईंनी त्याला थांबवलं. "पुस्तक पुरे. तुम्ही असं का केलंत?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. मग रेडिओ बोलला, अडखळत, एकेक शब्द शोधत. "ती घाबरली. मी पण घाबरतो. रोज. मागच्या वेळी मी असाच गप्प बसलो होतो. कुणी मदत केली नाही."

तेव्हा कुठे नर्सबाईंना कंठ फुटला. "मला वाटायचं, मी एकटीच घाबरते," त्या म्हणाल्या. मग दोघं जे बोलत सुटले ते परीक्षकबाईंनी हात वर करेपर्यंत.

दोघंही पास. रेडिओ खूश व्हायचा सोडून भडकलेला. "एवढं पाठ केलं त्याला शून्य! आणि त्या चार फुटक्या वाक्यांना मार्क! हा काय न्याय झाला?"

त्याच तावात त्यानं खोलीवर येऊन स्पीकरवर घरी फोन लावला. आई हरखली. "पास झालास! असं बोललास तरी काय रे?"

"काही नाही, ते आपलं…" त्याची गाडी अडली. "म्हटलं, मी रोज घाबरतो."

मी उगाच टॉवेलची घडी घालत बसलो. शेवटी आईनं नेहमीचंच विचारलं, पण हळू आवाजात.

"जेवलास का?"

"नाही गं," तो म्हणाला. "कालही धड नाही."