हिलालच्या वाट्याचं पाणी

आम्ही नऊ जण ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोस्टवर चढलो. उत्तरेकडच्या सीमेवरची पोस्ट. नाव सांगत नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर खालची वाट बंद होते आणि एप्रिलपर्यंत उघडत नाही. मधल्या काळात हवा चांगली असेल तर हेलिकॉप्टर येतं, नसेल तर येत नाही. म्हणून जे लागणार ते सगळं आधीच वर नेऊन ठेवायचं. फौजेत याला विंटर स्टॉकिंग म्हणतात. आमच्याकडे खान्देशात बायका उन्हाळ्यात वर्षाचे बिबडे आणि कुरडया करून डब्यांत भरून ठेवतात, तसंच हे काम. फरक इतकाच, की तिथे काही विसरलं तर मागायला शेजार नसतो.

गेल्या महिन्यात धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या सोसायटीने मला आपत्तीच्या तयारीवर बोलायला लावलं. वीज, गॅस, नळ एकदम बंद पडले तर घरात काय असावं, हा विषय. मी बोललो. एकाने विचारलं, "सर, पाणी किती साठवायचं?" त्याचंही उत्तर दिलं. मात्र ते उत्तर अर्धं होतं. उरलेलं अर्धं तिथे खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसमोर मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितो आहे.

मी तेव्हा हवालदार होतो. रेडिओ सेट माझ्याकडे. धुळ्यात बी.ए. केलेलं आणि सामानात कायम दोन पुस्तकं, त्यामुळे सगळे मला मास्तर म्हणत. पोस्ट कमांडर सुभेदार जाधव. औषधपाण्याला नर्सिंग असिस्टंट पिल्ले. स्टोअर नाईक हिलाल पाटलाकडे.

हिलाल पाचोरा तालुक्यातला. त्याच्या गावाला वर्षातले निम्मे महिने टँकर. अंघोळीचं पाणी परातीत धरायचं, त्यात कपडे भिजवायचे, तेच पुढे झाडाला घालायचं, हे तो चालायला शिकला तेव्हापासून बघत आलेला. पोस्टवर त्याने स्टोअर लावलं ते मी आजही लोकांना उदाहरण म्हणून सांगतो. काडेपेट्या तीन वेगवेगळ्या जागी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. स्टोव्हच्या पिना प्रत्येकाच्या खिशात एकेक. जुनं पुढे, नवं मागे. आणि रॉकेलचे जेरीकॅन एका जागी नाहीत. निम्मे बंकरच्या मागे, निम्मे उताराच्या बाजूच्या डंपमध्ये.

सुभेदार साहेबांना हे पटलं नव्हतं.

"पाटील, दोन ठिकाणी पहारा कोण देणार? तुझा बाप?"

"साहेब, आमच्या घरी तीन ड्रम आहेत. एक ओट्यावर, एक गोठ्यात, एक मागच्या दारी. एक फुटला तरी दोन राहतात."

"घर आणि पोस्ट एक आहे का?"

"नाही साहेब. घरी टँकर तरी येतो."

साहेब हसले आणि हो म्हणाले.

पोस्टवर पाणी नसतं, बर्फ असतो. भांडंभर बर्फ वितळवला की तळाला थोडंसं पाणी होतं. पुन्हा बर्फ टाका, पुन्हा थांबा. पाणी म्हणजे रॉकेल, असा तिथला हिशेब. आणि पाणी तर भरपूर प्यावं लागतं. पिल्ले रोज सकाळी सगळ्यांना तेच सुनवायचा.

"तहान लागली नाही तरी प्या. इतक्या उंचीवर तहान समजत नाही. रक्त घट्ट होतं. बाहेर गेलात की बर्फावर रंग बघा. गडद दिसला तर मला सांगा."

"डॉक्टर, आज हळदीचा रंग होता," लान्स नाईक सावंत म्हणायचा. "घरी कळवू का? मुलगी बघा म्हणून?"

सावंत कोकणातला. दारात विहीर, मागे ओढा, वर पाऊस. तो पाणी मनसोक्त प्यायचा. आपला मग संपला की पातेल्यात डोकवायचा. हिलालने त्याचं नाव बेडूक ठेवलं होतं.

"ए बेडका, पातेल्यातच उतर आता."

"उतरलो असतो रे, पण तुझ्या खान्देशच्या नजरेने तेही आटायचं."

जानेवारीत एका सकाळी उताराच्या बाजूने हिमकडा सुटला. आवाज झाला, बंकर हलला, संपलं. बाहेर येऊन बघतो तर डंप नव्हता. जागाच नव्हती. निम्मं रॉकेल खाली दरीत गेलं होतं. माणूस एकही गेला नाही. बंकरच्या मागचे जेरीकॅन जागच्या जागी उभे होते. हिलालने माल विभागून ठेवला नसता तर त्या आठवड्यातच आमचा निकाल लागला असता. हे सगळ्यांना कळलं. सुभेदार साहेबांनी त्याला स्वतःच्या हाताने चहा दिला.

मग नियम कडक झाले. दोनऐवजी एक स्टोव्ह. दाढी बंद. अंग पुसणं बंद. शिजवायचं ते एकदाच. पिल्ले उभा राहून म्हणाला, "साहेब, पिण्याचं पाणी कमी करू नका."

"करत नाही. ज्याचा जेवढा वाटा तेवढा मिळणार. वाया घालवू नका, एवढंच."

हुकूम असाच होता. पाणी कमी करायला कुणी सांगितलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे चौकशीतही हेच विचारलं गेलं.

हिलालच्या सामानात आईने दिलेले बिबडे होते. ज्वारीचे पापड, तिखट-लसूण घातलेले. सावंत म्हणाला, भाजून दे. हिलालने नुसतेच, न भाजता वाटले. कागद चावल्यासारखे लागत होते.

"दोन मिनिटं स्टोव्हवर धरायला काय जातं तुझं?"

"दोन मिनिटांत अर्धा मग पाणी होतं."

सुभेदार साहेबांनी ते ऐकलं. संध्याकाळी फॉलइनला, सगळे रांगेत उभे असताना, त्यांनी हिलालला पुढे बोलावून पाठीवर थाप मारली. "हा बघा खान्देशचा माणूस. थेंब वाया जाऊ देत नाही. शिका याच्याकडून. आणि हा आमचा बेडूक." सगळे हसले. सावंतही हसला. त्या दिवसापासून तो पातेल्याकडे जाताना, कुणी बघत नाही ना, हे मागे वळून पाहायचा. हिलालची मान मात्र ताठ झाली. आठ वर्षांच्या सर्व्हिसमध्ये त्याला भर फॉलइनला शाबासकी मिळाली ती तेवढीच.

फेब्रुवारीत वादळ बसलं. पहाऱ्यावरच्या संत्रीशिवाय कुणी बाहेर पडू शकत नव्हतं. दिवस-दिवस बंकरमध्ये पाय पोटाशी घेऊन बसायचं. चौथ्या दिवशी हिलाल उठताना लंगडला.

मी घरच्या बोलीत विचारलं, "काय व्हयनं रे?"

"काही नही मास्तर. गोळा उना पायले."

दुसऱ्या दिवशी पिल्लेने त्याचा बूट काढायला लावला. डावी पोटरी सुजून घट्ट झाली होती. दाबली तर हिलालने दात आवळले. पिल्लेचा चेहरा बदलला. त्याने मला सेट लावायला सांगितला.

"बेस, इथे पोस्ट. एक कॅज्युअल्टी. मेडिकल ऑफिसर साहेबांशी बोलायचं आहे. ओव्हर."

डॉक्टर साहेब सेटवर आले. पिल्लेने पोटरी सांगितली, नाडी सांगितली. पलीकडून विचारणा झाली, "पाणी किती पितो?"

पिल्लेने हिलालकडे बघितलं. हिलाल म्हणाला, "सगळ्यांइतकंच."

कोपऱ्यातून सावंत बोलला. आवाज हळू होता.

"नाही साहेब. तो पीत नाही. तोंडाला लावतो आणि परत पातेल्यात ओततो. जानेवारीपासून. तेच पाणी मी पितो."

हिलाल चिडला. "चुगलखोर बेडूक. माले तीसच लागत नही, तर काय जबरदस्ती पेवू?"

तहान लागत नाही, हे खरं सांगत होता तो. त्याच्या गावात तहान न लागणं हा गुण होता. पाहुण्याच्या घरी एक पेला, तोही निम्मा. तिथली शहाणी पोरं असंच वागतात. बर्फावर रंग दिसू नये म्हणून तो बाहेर गेला की बुटाने बर्फ ओढून टाकायचा, हे नंतर संत्रीने सांगितलं. त्यात लपवाछपवी होती असं मला वाटत नाही. पिल्लेने रंगावरून आपल्याला जास्त पाणी पाजू नये, एवढाच त्याचा विचार. रॉकेल एप्रिलपर्यंत पुरवायचं त्याने मनाशी ठरवलं होतं, आणि दुसऱ्या कुणाच्या वाट्याला हात न लावता ते ठरवलं होतं.

सेटवर डॉक्टर म्हणाले, पायात रक्ताची गाठ असणार. पाय हलवू नका. होतं ते इंजेक्शन द्यायला सांगितलं. पाणी पाजा, थोडं थोडं, सारखं. हेलिकॉप्टरचं विचारलं. उत्तर आलं, "वेदर नाही. फर्स्ट लाइटला बघू. ओव्हर."

फर्स्ट लाइटला वेदर नव्हतं. दुपारीही नव्हतं. दुसऱ्या सकाळीही नव्हतं.

त्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आसपास हिलाल एकदम उठून बसला. छातीला हात लावला. श्वास घेत होता, पण हवा आत जात नव्हती. ओठ निळे पडायला लागले. पिल्लेने ऑक्सिजन लावला. गाठ वर सरकली, तो इंग्रजीत म्हणाला, मला ऐकू येईल इतकंच. सुभेदार साहेब ओरडले, "दोन्ही स्टोव्ह लावा. पाणी करा. भरपूर करा." आता पाण्याने काही होणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत असावं. पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो हुकूम निघाला आणि आम्ही तो पाळला. सावंत बर्फ आणत राहिला. दोन्ही पातेली भरली. मास्क बाजूला करून सावंतने पाण्याचा मग त्याच्या तोंडाशी धरला. पाणी गालावरून खाली आलं आणि कॉलरवर गोठलं.

हिलाल बघत होता, पण सावंतकडे नाही. तो स्टोव्हकडे बघत होता. हात उचलायचा प्रयत्न केला. मी कान जवळ नेला.

"एक बंद करा," तो म्हणाला.

नंतर काही म्हणाला नाही. पिल्ले बराच वेळ छाती दाबत राहिला. शेवटी सुभेदार साहेबांनी त्याचा खांदा धरून त्याला थांबवलं.

"बेस, इथे पोस्ट. कॅज्युअल्टी आता फेटल. ओव्हर."

"रॉजर. नाव, नंबर सांगा. ओव्हर."

मी नाव आणि नंबर सांगितला. त्यांनी नाव पुन्हा म्हणायला लावलं, कारण आवाज तुटत होता. तीन वेळा सांगितलं.

थंडीत शरीर लवकर आखडतं. हेलिकॉप्टरमध्ये जागा कमी असते. म्हणून माणूस गेल्यावर लगेच हात-पाय सरळ करून बांधावे लागतात. ते आम्ही केलं. सुजलेला पाय सरळ होत नव्हता. तो सुभेदार साहेबांनी केला, आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं. मग त्याला स्लीपिंग बॅगमध्ये घालून बंकरच्या मागे ठेवलं. तिथेच जागा होती. त्याने वाचवलेल्या जेरीकॅनच्या रांगेशेजारी.

दोन पातेली पाणी तसंच होतं. फेकायची कुणाची हिंमत झाली नाही. आम्ही ते प्यायलो. सावंतने घेतलं नाही. पिल्लेने त्याची मान धरली आणि पाण्याचा मग तोंडाला लावला. "पी. नाहीतर तुलाही मागे ठेवू." सावंत रडत रडत प्यायला.

वादळ आणखी काही दिवस चाललं. स्टोअर माझ्याकडे आलं. रॉकेल काढायला रोज त्याच्या शेजारून जावं लागे. मग एका सकाळी आकाश निळं झालं आणि हेलिकॉप्टर आलं. पायलटने पंखा बंद केला नाही, वेळ कमी होता. त्यात रॉकेल होतं. आधी जेरीकॅन उतरवले, मग हिलालला चढवलं. एका खेपेत दोन्ही कामं झाली.

एप्रिलमध्ये पुढची तुकडी वर आली. मी स्टोअर हँडओव्हर केलं. न उघडलेले जेरीकॅन बरेच शिल्लक होते. नव्या स्टोअरवाल्याने रांगेकडे बघून कौतुक केलं. "छान सांभाळलंत, मास्तर." मी सही करून खाली उतरलो.

मे महिन्यात सुट्टीवर आलो तेव्हा चाळीसगावला उतरून, पाचोऱ्याची एसटी धरून त्याच्या गावी गेलो. ओट्यावर ड्रम होता. त्यावर झाकण, झाकणावर फडकं, फडक्यावर दगड. हिलालने सांगितलं होतं तसाच. त्याची आई दारात आली. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, मीही म्हणालो. तिने विचारपूस करायच्या आधी तांब्या भरून आणला. काठोकाठ.

"ले भाऊ. बठ्ठं पे. कालच टँकर उना."

मी सगळं प्यायलो. ती उभी राहून बघत होती. तिला कागदपत्रांतलं सांगून झालं होतं. अधिकारी येऊन गेले होते, गावाने फलक लावला होता. तिला त्यातलं काही विचारायचं नव्हतं. एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायला तिला फौजेतला, पण आपली बोली कळणारा माणूस हवा होता.

"तठे पानी व्हतं ना, भाऊ?"

"व्हतं, अक्का," मी म्हणालो. "बठ्ठीकडे पानीच व्हतं."

"मंग बरं शे," ती म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला. ड्रमवरचं फडकं तिने नीट केलं. "माले तीच चिंता व्हती. त्याले मांगानी सवय नही."

सावंत आता गावी असतो. दर फेब्रुवारीत त्याचा फोन येतो. आम्ही फार बोलत नाही. तो विचारतो, "मास्तर, पाणी प्यायलास का?" मी हो म्हणतो. मग मी त्याला तेच विचारतो. नाईक हिलाल पाटलाचं नाव आम्ही दोघंही घेत नाही. फोन ठेवण्याआधी पलीकडे पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज येतो. तो ऐकेपर्यंत मी थांबतो.