चुकलेल्या गणितांचा तक्ता

भोरच्या स्टँडमागच्या एका खोलीत शुभांगी बारा वर्षं गणिताची पुस्तकं जुळवते आहे. पुण्याचे प्रकाशक हस्तलिखितं पाठवतात, ती कॉम्प्युटरवर पानं लावून परत करते. अपूर्णांक, वर्गमुळं, कोष्टकं यांत तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नाही. हे तिलाही ठाऊक होतं, आणि तिथंच घात झाला.

गुंजवण्याचे कुंडलिक सर तिचे आठवीचे गणिताचे मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी वेल्ह्याकडच्या शाळांत काढली आणि एक वही राखली. तिच्यात फक्त पोरांच्या चुका. बरोबर गणित सगळ्यांचं सारखंच असतं, चुकलेल्यात पोराचं स्वतःचं डोकं दिसतं, असं ते म्हणायचे. चुकलेलं गणित, बरोबर उत्तर, पोराचं नाव आणि ‘असं का केलंस?’ यावर त्यानं दिलेलं उत्तर. अशा दोनशे चौदा नोंदी. मूत्रपिंडं निकामी होत चालली तेव्हा सरांनी याचं पुस्तक करायचं मनावर घेतलं आणि वही शुभांगीकडं दिली.

ती वापरते त्या प्रोग्रॅममध्ये तक्ते दोन जातींचे. एक मजकुराचा, त्यात प्रत्येक गणिताला दोन्ही बाजूंनी खुणेचं कुंपण घालावं लागतं. दुसरा गणिताचा, त्यात आकडे मोकळे लिहिता येतात, पण प्रत्येक शब्दाला वेगळं सांगावं लागतं की तू मजकूर आहेस. नाही सांगितलं, तर प्रोग्रॅम मराठी अक्षरांना गणिताची चिन्हं समजतो, ती त्याच्या साठ्यात सापडत नाहीत, आणि तो जागा कोरी सोडून पुढं जातो. थांबत नाही. कामाच्या नोंदीत तेवढी एक बारीक ओळ लिहून ठेवतो.

शुभांगीनं आधी मजकुराचाच तक्ता घेतला होता. नावं, पोरांची उत्तरं सगळी भरली, त्याचं प्रूफ सरांनी दवाखान्यातल्या पलंगावर पडून तपासलंही. मग गणितं घालायची राहिली. इतक्यात सरांच्या मुलाचा, गोरखचा फोन आला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय, रविवारी जुने विद्यार्थी गोळा होतायत, तोवर पुस्तक हातात पडलं तर बरं. सव्वाचारशे कुंपणं घालत बसायला तिला वेळ नव्हता. तिनं तक्त्याची जात बदलली. मथळ्याच्या ओळीतल्या शब्दांना मजकूर म्हणून सांगितलं, खालची नावं आणि उत्तरं तशीच राहिली. मग आकडे दिसावेत म्हणून पान मोठं करून वहीशी ताडून पाहिलं. नावांचे रकाने उजवीकडं, पडद्याबाहेर होते. गणितं अचूक होती. तिनं पानं छापायला पाठवली.

रविवारी गुंजवण्याला अंगणात तीसेक माणसं जमली. सरांच्या पाया पडली, प्रती घेऊन गेली. गर्दी पांगल्यावर सरांनी चष्मा मागितला आणि तक्त्याची पानं उघडली. बराच वेळ ते बोट फिरवत राहिले.

“शुभांगी, पोरं कुठं गेली?”

तिला वाटलं, ते अंगणातल्यांना शोधतायत. मग तिनं पान पाहिलं. डावीकडं ओळीनं चुका होत्या, उजवीकडं काहीच नव्हतं.

तिनं काही लपवलं नाही. कसं झालं ते सांगितलं. सर वर्गात ऐकायचे तसं ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, “म्हंजी यंत्रानं सांगितलं व्हतं?”

“व्हय सर. म्या वाचलं न्हाई.”

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. तिनं शेजारी बसून त्यांच्या प्रतीत पेनानं नावं लिहायला घेतली. सत्तरेक झाली, तोवर त्यांना झोप लागली होती. उरलेली लिहायला ती बुधवारी येणार होती. मंगळवारी सर गेले.

दहावं झाल्यावर तिनं पूर्ण तक्ता पुन्हा जुळवला, मजकुराच्या जातीचा, आणि एक एक घर गाठून प्रतींत चिकटवायला सुरुवात केली. कापूरहोळला एसटी बदलत ती पालीला गेली. तिथं राजगडाच्या वाटेवर ठकुबाई ट्रेकवाल्यांना जेवण करून घालते. सरांच्या वहीत ती सदतिसावी. तिनं अर्धा आणि एकतृतीयांश मिळून दोनपंचमांश केले होते आणि सांगितलं होतं: दोन भाकरीतली एक खाल्ली, तीनातली एक खाल्ली, म्हंजी पाचातल्या दोन झाल्या की. हे उत्तर सर दर वर्षी नव्या वर्गाला सांगायचे.

ठकुबाईनं हात पुसून पुस्तक आणलं. शुभांगीनं पान चिकटवलं, तिच्या नावावर बोट ठेवलं आणि चूक आपली होती म्हणून सांगितलं.

ठकुबाई नावाकडं पाहत राहिली. “म्या माझंच गणित तेवढं पायलं व्हतं. मला वाटलं, सरांनीच नाव काडलं,” ती म्हणाली. “म्हटलं, ही खानावळवाली, हिचं कशाला ठेवायचं. म्हणून म्या मातीलाबी आले न्हाई.”

शुभांगीनं चिकटवलेलं पान तळहातानं दाबून धरलं. ठकुबाईनं चहा ठेवला. दोघींनी तो घेतला.

त्यानंतर ती आणखी अकरा घरं फिरली. काही माणसं पुण्याला गेली होती, दोघांनी पुस्तक उघडलंच नव्हतं. बाकीच्या प्रती कुणाकुणाच्या हातात गेल्या, ते गोरखलाही सांगता येत नाही.