तक्रारीचं बटण

मी संशयी, हे मला मान्यच आहे. कल्ले उचलून बघितल्याशिवाय मी बाजारात बांगडाही घेत नाही. त्यामुळे मुंबईत नोकरीला असलेला धाकटा भाऊ एकाच फोनवर तिसऱ्यांदा ‘सगळं मजेत’ म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

साधारण दोन हजार सहाची गोष्ट. तेव्हा जो तो एका सोशल साइटवर असायचा. माझं खातं भावानेच गणपतीत उघडून दिलं होतं. रत्नागिरीच्या स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून मी त्याचं पान उघडलं. तो कुठकुठल्या गटांत आहे, ते तिथे दिसायचं. क्रिकेट, जुनी गाणी, आणि एक गट जगण्याचा कंटाळा आलेल्यांचा. त्यात इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत त्याने लिहिलं होतं, ‘आजपण ऑफिसला गेलो नाही. उठवतच नाही.’ खाली टोपणनावाने कुणीतरी रोज त्याच्याशी बोलत होतं. हा कोण उपटसुंभ? हाच पोराला भरीला घालत नसेल कशावरून? मला त्याचा भयंकर राग आला.

कोपऱ्यात तक्रारीचं बटण होतं. ते दाबून मी सगळं लिहून टाकलं. आमच्या गावात तक्रार केली की चार जाणती माणसं पडवीत येऊन बसतात, चहा घेतात, दोन्ही बाजू ऐकतात. इथेही कुणी वाचेल, भावाची विचारपूस करेल, असं मी धरून चालले. जगावर संशय घेणाऱ्या मी त्या कंपनीवर मात्र डोळे मिटून विश्वास टाकला.

दोन दिवसांनी बघते तर गटच गायब. भावाला कुणी हाक मारली नव्हती. लिहिलेलं कुणी वाचलं तरी होतं का? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्यांना फक्त ती ब्याद आपल्या दारात नको होती, असं मला आजही वाटतं.

त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला.

“ताई, आमचा एक गट होता गो, तो काढून टाकला कुणीतरी. त्यात एक जण होता, त्याचं काही खरं नव्हतं. त्याला रोज बोलतं ठेवायचं म्हणून तरी मी उठायचो. उद्या येतो म्हणून सांगितलेलं त्याला. आता शोधू कुठं? खरं नावपण ठाऊक नाही.”

फोन ठेवून मी तशीच मुंबईच्या गाडीचं तिकीट काढायला स्टँडवर गेले.

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला जाऊन भावाला घरी घेऊन आले. तो सावरला. त्या दुसऱ्याचं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. आणि बटण मी दाबलं, हे भावाला मी अजून सांगितलेलं नाही.