सिनेमा पाहिला ताईने, हत्यारं गेली मिस्त्रींची

शिलाई मशीन दुरुस्त करणारे मिस्त्री अकरा वर्षांपूर्वी शिडीवरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. तेव्हापासून चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा सिनेमा कुठेही लागला, की ओळखीपाळखीचे लोक तो त्यांना दाखवल्याशिवाय सोडत नसत. मिस्त्रींच्या मते या सिनेमांचे दोनच प्रकार. एकात नायक शेवटी उठून चालायला लागतो, दुसऱ्यात मरतो. खुर्चीत बसून नुसता कामावर जाणारा नायक त्यांना अजून भेटायचा होता.

रविवारी थोरल्या बहिणीने, ताईने, त्यांना दुसऱ्या प्रकारातला दाखवला. नायक श्रीमंत, देखणा. तो संडासला कसा जातो ते काही दाखवलं नाही. शेवटी त्याने हसतमुखाने निरोप घेतला आणि विष घेतलं. सारं थिएटर हुंदके देत होतं. बाहेर पडताना एका अनोळखी बाईंनी मिस्त्रींचा हात दाबून धीर सोडू नका असं सांगितलं. त्यानंतर मिस्त्री गप्पच. सोमवारीही ताई काही विचारायला गेली, की खिडकीकडे बघत हं हं करायचे.

ताईच्या मनात भलतंच आलं. मंगळवारी सकाळी मिस्त्री कामाच्या टेबलापाशी आले, तर टेबल लख्ख रिकामं. स्क्रू ड्रायव्हर, पाने, कात्री, सुया, सगळं गायब. समोर शिंपीणबाईंचं मशीन पोट उघडं टाकून पडलेलं. ते संध्याकाळी द्यायचं होतं. शाळेचे चाळीस गणवेश अडले होते. अपघातानंतर सगळी गिऱ्हाइकं पांगली, तेव्हा परत आलेली पहिली बाई तीच. तिला दिलेला शब्द मिस्त्रींनी कधी मोडला नव्हता.

ताई म्हणाली, हत्यारांना गंज चढला होता, उन्हात ठेवलीत. उन्हाने गंज जातो हे मिस्त्रींना नवीनच होतं.

दुपारी शिंपीणबाई चौकशीला आल्या. ताईने त्यांना दारातच कुजबुजत सिनेमाची गोष्ट सांगितली आणि मिस्त्रींचं काही खरं नाही म्हणाली. बाईंनी आवाज मुळीच कमी केला नाही.

"जीव द्यायचा तर देऊ देत, पण आधी माझ्या मशीनचं शटल बसवून द्या म्हणावं."

आतून मिस्त्री खो खो हसले. मग त्यांनी ताईला बोलावून समोर बसवलं.

"त्या हिरोने मरावं हे तुला पटलं?"

ताई चाचरली. "सुटला रे बिचारा."

"सगळं थिएटर हेच म्हणत होतं. मी एकटा म्हणत होतो, अरे, सकाळी उठून काही काम तरी बघ. तुला पटलं, म्हणून तू माझे पाने लपवलेस. मला कुठे पटलं होतं?"

"मग दोन दिवस तोंड का शिवलं होतंस?"

"एक तर राग आला होता. आणि खुर्ची पडद्याच्या अगदी पुढ्यात लावली होती. वर बघून बघून मान धरली. तुझ्याकडे वळतच नाही."

ताई उठली. तांदळाच्या डब्यातून एकेक हत्यार निघालं, दाणे झटकून टेबलावर आलं. मशीनच्या तेलाची बाटली मात्र तिने पदराखालीच धरून ठेवली.

"दे ती पण," मिस्त्री म्हणाले. "पिऊन मेलो नाही, तरी मान मोकळी होईल."

सहाच्या आत शटल बसलं. शिंपीणबाईंनी चिंधीवर शिवण मारून पाहिली, मान डोलावली आणि जाताना ताईला बजावलं, की गुरुवारी दुसरं मशीन आणते, तोवर यांना कुठल्या सिनेमाला नेऊ नका.