टीम अक्काची होती

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आधीच सांगतो, मी सुखात आहे. हिंगोलीत चांगली नोकरी आहे, घर आहे, झोप शांत लागते. मग आज तुमच्यापुढे हे का काढतोय? — नीट सांगता येणार नाही.

साखरा या आमच्या गावी घर शेळ्या-मेंढ्यांवर चालायचं. मी फक्त अभ्यास करायचो. शेळ्यांमागं थोरली बहीण जायची, वनिताअक्का. सातवीनंतर तिची शाळा सुटली. माझी सुटू नये म्हणून — असं कुणी बोललं नाही, पण झालं तसंच.

शेळ्या पडीक रानात सोडल्या की अक्का पोरी गोळा करायची आणि त्यांना खो-खो शिकवायची. तांड्यावरच्या आयांची समजूत घालून त्यांच्याही पोरी आणायची. दोन बाभळी, तेच खांब. शाळेच्या हेडमास्तरांनी हा खेळ पाहिला आणि त्या पोरींना शाळेकडून सेनगावला सामन्याला नेलं. पोरी जिंकल्या. अक्का शाळेत नव्हती, म्हणून रेषेबाहेर उभी राहून त्यांना ओरडून सांगत होती म्हणे. मी? मी घरी गणितं सोडवत होतो. पुढं अक्काचं लग्न झालं, ती कुरुंद्याला गेली. खेळ तिथंच थांबला.

बारावीला मला इतके गुण पडले की पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथं गुण सगळ्यांनाच होते. माझ्या आधीचा मुलगा तबला वाजवायचा, त्याच्या आधीची मुलगी हिमालय चढून आली होती. समोरच्या बाईंनी मायेनं विचारलं, "अभ्यास सोडून काय करतोस?"

काहीच नाही — एवढंच तर म्हणायचं होतं. त्याला किती धीर लागतो?

मी म्हणालो, "गावात मुलींची खो-खोची टीम तयार केली."

मग बाभळी आल्या, तांडा आला, सेनगावचा सामना आला. सगळं खरंच होतं ना — फक्त माझं नव्हतं. बाईंचा चेहरा खुलला. मला प्रवेश मिळाला.

इथंच संपलं असतं तर मी विसरूनही गेलो असतो. पण दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनाला अण्णा, म्हणजे आमचे वडील, आणि अक्का पुण्याला आले. अक्काच्या कडेवर तिची लहानगी रेखा होती. त्याच बाई भेटल्या आणि कौतुकानं अक्काला म्हणाल्या, "तुमच्या भावानं गावात मुलींची टीम उभी केली. तुम्हीही खेळायचात का त्यात?"

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी त्या वेळी बोलू शकलो असतो. मी बुटांकडं पाहत राहिलो.

"व्हय," अक्का म्हणाली. "लई पळवायचा आमाला."

त्यानंतर तिनं हा विषय कधीच काढला नाही. बसस्टँडवर एवढंच विचारलं, "मेसमधी भाकर देतेत का?" आणि मला वाईट वाटलं का? नाही. हायसं वाटलं. मी रात्री पोटभर जेवलो — हे सांगायला मला त्या खोट्याहून जास्त जड जातंय.

वर्षं गेली. रेखाला बारावीला छान गुण पडले, आणि तिलाही अशाच एका कॉलेजच्या मुलाखतीला जायचं होतं. अक्कानं तिला माझ्याकडं धाडलं.

"मामा, मी तर नुसता अभ्यासच केला. काय सांगू त्यायला?"

"जे आहे ते सांग," मी म्हणालो. आवाजही अगदी शांत होता माझा.

"तुमी काय सांगितलं होतं?"

"खो-खोचं. गावात पोरींची टीम होती."

"तुमी शिकवलं त्यायला?" ती माझ्याकडं कौतुकानं पाहत होती. म्हणजे आईनं तिला काहीच सांगितलं नव्हतं. त्या बाभळींमध्ये आपली आई कोण होती, हे त्या लेकराला कळायला माझं एक वाक्य पुरे होतं.

"व्हय," मी म्हणालो.

रेखानं मुलाखतीत खरं तेच सांगितलं आणि तिला प्रवेश मिळाला. अक्का पेढे घेऊन हिंगोलीला आली, दिवसभर राहिली, खूप हसली. मीही हसलो. तो दिवस फार आनंदात गेला.